फोर बाय फोरचे टायर वीस-पंचवीस हजार किलोमीटरांतच का जातात? नवा सेट घेण्याआधी हे तपासा

तक्रार ठरलेलीच असते: "गाडी टायर खातेय." कंपनीचे टायर चाळीस-पंचेचाळीस हजार किलोमीटर चालले, मग हौसेनं एटी (ऑल टेरेन) टायर टाकले ते पंचवीस हजारांत संपले, आणि तिसरा सेट वीसही गाठेल असं दिसत नाही. दुकानात विचारलं की उत्तर मिळतं, "साहेब, फोर बाय फोर आहे, टायर जाणारच."

हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. पार्ट-टाइम फोर बाय फोर गाडी, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकांना ताकद जोडायची गाडी, टू-हायमध्ये (फक्त मागच्या दोन चाकांवर) चालते तेव्हा टायरच्या दृष्टीनं ती साधी रिअर व्हील ड्राइव्ह गाडी असते. थोडी जड, थोडी उंच, एवढाच फरक. प्रत्येक सेट अर्ध्यावर संपवावा असं तिच्या बनावटीत काही नाही. लागोपाठ दोन सेट लवकर गेले असतील तर गाडीत किंवा चालवण्याच्या सवयीत एक ठरावीक दोष आहे, आणि तो दोष तिसऱ्या सेटलाही सोडणार नाही. म्हणून पहिली विनंती: जुने टायर काढून तिथल्या तिथे एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका. आधी प्रत्येक टायरवर खडूनं त्याची जागा लिहा, पुढचा डावा, मागचा उजवा अशी, आणि भर उजेडात नीट बघा. दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा टायरच सांगतो.

आधी मोजा

"लवकर गेले" म्हणजे किती लवकर, हे ठरवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. मी मनात धरतो तो अंदाज असा: बहुतेक डांबरावर चालणाऱ्या गाडीला हायवे टेरेन टायर पन्नास हजारांच्या आसपास जायला हवेत, एटी चाळीस ते पन्नास, आणि मोठ्या बटणांचे एमटी (मड टेरेन) पंचवीस ते पस्तीस. एमटी टाकून रोज ऑफिसला जात असाल आणि तीस हजारांत ते संपले, तर तो बिघाड नव्हे. त्या टायरचं काम चिखलात आहे, डांबरावर तो झिजणारच.

नक्षीची खोली मोजायचं छोटं गेज अगदी स्वस्तात मिळतं, ते घ्याच. नव्या टायरला समजा १० मिमी नक्षी आहे आणि ३ मिमी उरल्यावर तुम्ही बदलणार आहात, म्हणजे वापरायला ७ मिमी मिळाले. १०,००० किलोमीटरनंतर ८.५ मिमी उरले, तर दर दहा हजारांना दीड मिमी खर्च होतोय आणि टायर साधारण सेहेचाळीस हजार चालेल. हाच हिशोब पाच हजारांवर केलात तर दोष सुरुवातीलाच पकडता येतो. मोजताना एकाच जागी मोजू नका. बाहेरचा खांदा, मध्य आणि आतला खांदा, अशी प्रत्येक टायरची तीन मापं घ्या आणि वहीत किंवा मोबाइलमध्ये किलोमीटरसकट लिहून ठेवा. पुढचं सगळं निदान या तीन आकड्यांवर उभं आहे.

कायद्यानं चारचाकीला किमान १.६ मिमी लागते. नक्षीच्या खाचांत तळाशी जे उंचवटे असतात, टीडब्ल्यूआय म्हणतात ते, त्यांच्या पातळीला नक्षी आली की टायर संपला. पण कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी १.६ ची वाट बघू नये. ताम्हिणीत किंवा आंबोलीत जुलैच्या पावसात रस्त्यावरून पाणी वाहत असतं, आणि ते बाजूला सारायला दोन मिमी नक्षी पुरत नाही. पावसाळा तोंडावर असेल आणि ३ मिमी उरले असतील तर मी टायर बदलायलाच सांगतो.

डांबरावर फोर-हाय

हे कारण सर्वांत जास्त वेळा सापडतं आणि सर्वांत कमी वेळा कबूल होतं, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

थार, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ-एनचं फोर बाय फोर मॉडेल, व्ही-क्रॉस, जुनी जिप्सी या सगळ्या पार्ट-टाइम गाड्या. फोर-हाय (चारही चाकांना ताकद) लावलं की त्यांची पुढची आणि मागची शाफ्ट एकमेकींना घट्ट बांधली जातात. मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्हींना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी, नसतं. दोन्ही शाफ्टना सारखेच फेरे घ्यावे लागतात.

सरळ रस्त्यावर हे फारसं जाणवत नाही, पण वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. पाच दारांची जिम्नी घ्या: व्हीलबेस २५९० मिमी, टर्निंग रेडियस ५.७ मीटर. स्टिअरिंग पूर्ण फिरवून एक गोल फेरी मारली तर पुढच्या ॲक्सलला मागच्यापेक्षा साधारण चार मीटर जास्त अंतर कापावं लागतं. टू-हायमध्ये पुढची चाकं मोकळी असतात, ती आपल्या वेगानं फिरतात. फोर-हायमध्ये ते चार मीटर कुठेतरी जिरवावे लागतात. चिखलात, वाळूत, सुट्या मुरमावर चाक थोडं घसरतं आणि प्रश्न मिटतो. डांबरावर किंवा काँक्रीटवर पकड चांगली असते, त्यामुळे आधी शाफ्ट आणि गिअर ताणले जातात, मग टायर रस्त्यावर खरवडत सरकतो. प्रत्येक वळणावर हेच होतं, आणि घाटात तर वळणांशिवाय दुसरं काय असतं?

एका ओळखीच्यांची गाडी अशीच होती. आंबोलीवरून रोजची ये-जा, आणि पावसाळा सुरू झाला की "निसरडं असतं" म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत फोर-हाय लावलेलंच. पुढच्या दोन्ही टायरांचे खांदे गोल झाले होते, बटणांच्या कडा फाटल्यासारख्या दिसत होत्या, आणि पार्किंगमध्ये वळताना गाडी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी अडखळत होती. अलाइनमेंट दोनदा करून झालं होतं. त्यात दोष नव्हताच. गाडी टू-हायमध्ये चालवायला लागल्यावर झीज सरळ झाली.

ओलं डांबर म्हणजे चिखल नव्हे. टायर चांगला असेल तर ओल्या डांबरावर त्याला पुष्कळ पकड मिळते, आणि पार्ट-टाइम सिस्टिमला अडकवायला तेवढी पुरते. दरड कोसळून रस्त्यावर लाल चिखल पसरला असेल, तर तेवढ्या पट्ट्यापुरतं फोर-हाय जरूर लावा आणि पलीकडे गेल्यावर काढा. तीव्र उतारावर इंजिन ब्रेकिंग हवं असेल तर टू-हायमध्येच खालचा गिअर टाका. डांबरी घाटातल्या हेअरपिन वळणांवर फोर-लो (चारही चाकं, सर्वांत हळू गिअर) लावून उतरणं हे टायर आणि ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरबॉक्स) दोघांनाही महाग पडतं.

दुसरी शक्यता अशी की तुम्ही टू-हाय लावलंय, पण गाडी फोर-हायमधून बाहेर आलेलीच नाही. काही गाड्यांत पुढचं ॲक्सल किंवा हब व्हॅक्यूमवर जोडलं-सोडलं जातं. पाइप तडकला, व्हॉल्व्ह अडकला किंवा चिखल शिरला की जोडणी सुटत नाही. डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा दिवा लुकलुकत राहणं ही त्याची खूण. काढताना सरळ रस्त्यावर हळू चालवत टू-हायमध्ये आणा. दिवा विझत नसेल तर स्टिअरिंग सरळ ठेवून काही मीटर रिव्हर्स घ्या, म्हणजे ताण सुटतो. तरीही खात्री नसेल तर रिकाम्या डांबरी जागेत स्टिअरिंग पूर्ण फिरवून, ॲक्सिलरेटर न दाबता, क्लचवर गाडी हळू फिरवा. मोकळी गाडी आरामात फिरते. अडखळली, थबकली, चाकाखालून खरवडल्याचा आवाज आला, तर आधी मेकॅनिककडे जा, टायरच्या दुकानात नंतर.

फुल-टाइम गाड्यांना, म्हणजे डिफेंडरसारख्यांना, मध्ये डिफरन्शियल असतं, म्हणून त्या डांबरावर चारही चाकांवर चालल्या तरी हे होत नाही. एक्सयूव्ही७००चं ऑल व्हील ड्राइव्ह किंवा जुनी ऑल व्हील ड्राइव्ह डस्टर यांत क्लच आपोआप जोडतो-सोडतो. फक्त लॉक मोड (क्लच कायम जोडून ठेवणारा) असेल तर तो डांबरावर लावू नका. या गाड्यांची खरी अडचण वेगळी आहे, ती खाली येते.

हवा

दोन्ही खांदे झिजलेत आणि मध्य शाबूत आहे, तर हवा कमी राहतेय. मध्य झिजलाय आणि खांदे शाबूत आहेत, तर जास्त. हे सगळ्यांना माहीत असतं. फोर बाय फोरवाल्यांकडून चूक होते ती दुसऱ्या तीन ठिकाणी.

पहिली, वाळूत किंवा खडकाळ ट्रेलवर जाताना १८-२० पीएसआयपर्यंत हवा कमी केली जाते. ते बरोबरच आहे. पण ट्रेल संपल्यावर "पुढच्या पंपावर भरू" म्हणत त्याच हवेवर पन्नास-साठ किलोमीटर हायवे गाठला जातो. त्या तासाभरात खांदे घासतात आणि साइडवॉल इतकी तापते की आतल्या थरांचं नुकसान होतं. ते बाहेरून दिसत नाही. बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर गाडीत नसेल तर हवा कमी करूच नका.

दुसरी, टायर बदलले आणि हवा जुन्याच स्टिकरप्रमाणे ठेवली. दारावरच्या स्टिकरवरचा आकडा कंपनीनं दिलेल्या मापासाठी आणि जातीसाठी असतो. तुम्ही एलटी (लाइट ट्रक) लिहिलेले, जाड साइडवॉलचे टायर घेतले असतील तर तेवढंच वजन पेलायला त्यांना जास्त हवा लागते. नेमकी किती, हे शोधायचा सोपा उपाय आहे: थंड टायरवर आडवी जाड खडूची रेघ मारा, सपाट रस्त्यावर सरळ दहा-पंधरा मीटर जा आणि बघा. मधली रेघ पुसली आणि कडेची राहिली तर हवा जास्त, उलट झालं तर कमी. रेघ एकसारखी पुसली जाईपर्यंत दोन-दोन पीएसआय बदलत जा. स्टिकरच्या आकड्याखाली मात्र जाऊ नका.

तिसरी चूक उन्हाळ्यातली. तापमान दहा अंशांनी बदललं की हवा साधारण एक ते दीड पीएसआय बदलते, आणि चालून तापलेल्या टायरमध्ये ती आणखी तीन-चार पीएसआय वर दिसते. नागपूरहून मे महिन्यात समृद्धीवर निघालेला माणूस जालन्याच्या आसपास थांबतो, गेजवर ३८ बघून घाबरतो आणि हवा सोडतो. तापलेल्या टायरची हवा कधीच सोडायची नाही. ती सोडली की टायर अधिक वाकतो, अधिक तापतो, आणि तासाला १२० किलोमीटरच्या वेगात फुटण्याची वेळ त्यातूनच येते. सकाळी, थंड टायरवर, स्वतःच्या गेजनं मोजा. पंपावरचं गेज रोज शंभर हातांतून जातं, त्यावर मी भरवसा ठेवत नाही. नायट्रोजन भरल्यानं झीज कमी होते हे विसरून जा. हवेचा दाब बरोबर असणं महत्त्वाचं, आत कोणता वायू आहे हे नाही.

हात फिरवून बघा

एकच खांदा झिजलाय, आतला किंवा बाहेरचा, तर संशय अलाइनमेंटवर. टायरवर आडवा तळहात फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं टोचत असेल तर टो, म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असण्याचं माप, चुकलाय. आतून बाहेर येताना टोचलं तर चाकांची तोंडं गरजेपेक्षा आत वळलेली, बाहेरून आत जाताना टोचलं तर बाहेर.

टो किती किरकोळ वाटतो, पण हिशोब करून बघा. टायरच्या व्यासावर मोजलेला एकूण टो फक्त ३ मिमीनं चुकला, तर सातशे मिमी व्यासाचं प्रत्येक पुढचं चाक दर किलोमीटरला दोन मीटर आडवं घासत जातं. हजार किलोमीटरला दोन किलोमीटर! कोणतं रबर हे सोसेल?

अलाइनमेंटला गेलात की तीन गोष्टींचा आग्रह धरा. यंत्रावर घेण्याआधी गाडी जॅकवर उचलून टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, बुश आणि व्हील बेअरिंग हलवून बघायला सांगा. सैल सांध्यावर केलेलं अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकतं. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची प्रिंट मागा. आणि फक्त पुढचं नको, चारही चाकांचं माप घ्यायला लावा.

इथे आपली गाडी कोणत्या घडणीची आहे हे माहीत हवं. जिम्नी, जिप्सीसारख्या सॉलिड पुढच्या ॲक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर) गाडीत कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलायची सोयच नसते, फक्त टो बसवता येतो. तिथे आतली कड एकट्याच चाकाची झिजत असेल तर किंगपिनचं बेअरिंग, व्हील बेअरिंग किंवा वाकलेलं ॲक्सल बघा; "कॅम्बर सेट केला" असं कुणी म्हणालं तर प्रिंट मागून खात्री करा. २०२० नंतरच्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारं) आहे. तिला स्पेसर टाकून उंच केलं की कॅम्बर आणि टो दोन्ही हलतात. लिफ्ट केल्याच्या दिवशीच अलाइनमेंट व्हायला हवं, आणि स्प्रिंग बसल्यावर, हजारेक किलोमीटरनंतर, पुन्हा एकदा. लिफ्टचा खर्च सांगताना हे दुसरं अलाइनमेंट कुणी सांगत नाही, आणि आतल्या कडा त्यातच जातात.

टायरच्या घेरावर थोड्या-थोड्या अंतरानं खळगे पडले असतील तर शॉकअप संपलेत किंवा बॅलन्सिंग गेलंय. उंच टायर, जास्त वजन आणि खराब रस्ता, यात फोर बाय फोरचे शॉकअप साध्या गाडीपेक्षा आधी थकतात. खळगे पडलेला टायर पुन्हा सपाट होत नाही, तो गुरगुरतच राहतो. म्हणून शॉकअप बदलायचे असतील तर नव्या टायरच्या आधी बदला.

स्टेपनी फिरवा

पार्ट-टाइम गाडी टू-हायमध्ये चालते तेव्हा पुढचे टायर वळणं घेऊन खांद्यांवर झिजतात आणि मागचे ओढून मध्यावर. बटणांच्या टायरवर प्रत्येक बटणाची एक कड उंच आणि एक कड खाली अशी झीज होते, आणि मग ते साठच्या पुढे ओरडायला लागतात. यात बिघाड काही नाही. दर आठ ते दहा हजार किलोमीटरला टायर फिरवणं एवढाच त्यावरचा इलाज. पण फिरवताना बहुतेक लोक चारच फिरवतात.

पाचही फिरवा. स्टेपनी त्याच मापाची, त्याच जातीची आणि तशाच रिमवर असेल तर मागचे दोन्ही सरळ पुढे न्या, पुढचा उजवा मागे डावीकडे, पुढचा डावा स्टेपनीच्या जागी, आणि स्टेपनी मागे उजवीकडे. चार टायरांवर चाळीस हजार मिळत असतील तर पाचांवर पन्नास मिळतात. पाचवा टायर तुम्ही आधीच विकत घेतलेला असतो, मागच्या दारावर लटकून ऊन खात त्याला तडे जाऊ देण्यात काय फायदा? टायरवर बाण असेल, म्हणजे तो एकाच दिशेनं फिरायचा असेल, तर मात्र ही पद्धत लागू नाही.

यात किलोमीटरपेक्षा मोठा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. तीस हजार चाललेल्या टायरांच्या जोडीला एक कोरी स्टेपनी लागली, तर दोघांच्या व्यासात १० ते १२ मिमीचा फरक पडू शकतो. टू-हायमध्ये दुकानापर्यंत जायला हरकत नाही. पण पंक्चर झालंय रानात आणि परत यायचंय फोर-हायमध्ये, तर सरळ रस्त्यावरसुद्धा शाफ्ट ताणल्या जातात. फुल-टाइम आणि आपोआप जोडल्या जाणाऱ्या ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांची खरी अडचण हीच. तिथे क्लचला वाटतं चाक सतत घसरतंय, तो सतत जोडला जातो आणि तापतो. म्हणून या गाड्यांत एकच टायर किंवा पुढचे दोनच टायर नवे घालू नका. चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारख्याच झिजीचे असू द्या.

नवे घेताना साइडवॉलवरची चार आकड्यांची तारीख बघा. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. शनिवार-रविवारीच निघणाऱ्या गाडीचे टायर नक्षीआधी वयानं जातात. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी खाचांच्या तळाशी आणि साइडवॉलवर तडे शोधा, आणि दहा वर्षांचा टायर नक्षी कितीही उरली असली तरी वापरू नका, स्टेपनीसुद्धा.

सगळं करूनही एकच टायर जात असेल

हवा बरोबर, टू-हायमध्येच चालते, टो प्रिंटवर ठीक, टायर फिरवलेले, आणि तरी एकाच कोपऱ्यातला टायर संपतोय, अशा गाड्याही येतात. तिथे आधी त्या चाकाचा ब्रेक बघा. दहा किलोमीटर चालवून चारही रिमांजवळ हात न्या. एक रिम बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागली तर कॅलिपर किंवा ड्रम अडकलाय. ब्रेक मोकळा निघाला तर मागचं ॲक्सल सरळ बसलंय का ते तपासा. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत मधला बोल्ट तुटून ॲक्सल एका बाजूनं काही मिलिमीटर मागे सरकतं, कॉइलच्या गाडीत ॲक्सलला पुढे-मागे धरणाऱ्या आर्मचं बुश जाऊन ते तिरकं होतं, आणि गाडी सरळ जाताना तुम्ही नकळत स्टिअरिंग किंचित वाकडं धरून चालवत असता. चारचाकी अलाइनमेंटच्या प्रिंटवर थ्रस्ट अँगल म्हणून जो आकडा येतो तो याचाच. तो शून्याजवळ नसेल तर नवीन टायर चढवू नका. आधी ॲक्सल जागेवर आणून घ्या, मग पुन्हा प्रिंट काढा, आणि त्यानंतरच टायरची ऑर्डर द्या.